हिंगोली जिल्ह्यातील लोकसंख्यावाढ आणि साधनसंपत्ती

लोकसंख्यावाढ आणि उपलब्ध साधनसंपत्ती यांचा परस्परसंबंध हा अर्थशास्त्र, भूगोल आणि लोकसंख्याशास्त्र या तिन्ही विषयांत अभ्यासला जातो. एखाद्या प्रदेशातील माणसांची संख्या आणि तेथील जमीन, पाणी, अन्न, इंधन व रोजगार यांचे प्रमाण कसे बदलते, हे प्रमाण कशामुळे बिघडते आणि कशामुळे सावरते, हा या अभ्यासाचा गाभा होय. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील हिंगोली जिल्हा हे या संबंधाचे एक बोलके उदाहरण आहे. येथील लोकसंख्येची घनता राज्याच्या सरासरीहून कमी आहे. जिल्ह्यात मोठी धरणे आहेत, काळी कसदार जमीनही आहे. तरीही पाणीटंचाई, अल्प भूधारणा आणि हंगामी स्थलांतर हे येथील नेहमीचे प्रश्न आहेत. त्यामुळे केवळ माणसांची संख्या मोजून साधनसंपत्तीच्या टंचाईचा उलगडा होत नाही, हे या जिल्ह्याच्या अभ्यासातून दिसून येते.

प्रदेश

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे पूर्णा खोऱ्यात वसलेले गाव परिसरातील खेड्यांची बाजारपेठ आहे. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, ज्वारी व हळद ही या भागातील प्रमुख पिके होत. जेथे पाटाचे किंवा विहिरीचे पाणी पोहोचते तेथे ऊस व केळीही घेतली जाते. जिल्ह्याचा बराच भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकाची पाणी साठवण्याची क्षमता मर्यादित असते. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात जेवढे मुरते, तेवढेच विहिरींना लाभते. त्यामुळे चांगला पावसाळा झालेल्या वर्षीही उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरींचा तळ दिसू लागतो.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ थॉमस रॉबर्ट माल्थस यांनी १७९८ मध्ये या प्रश्नाची पहिली प्रसिद्ध मांडणी केली. लोकसंख्या भूमितीय श्रेणीने, तर अन्नोत्पादन गणितीय श्रेणीने वाढते. म्हणून लोकसंख्येला आवर न घातल्यास दुष्काळ, रोगराई व युद्ध यांच्याद्वारे ती कमी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९६५ मध्ये याच्या उलट दिशेने विचार मांडला. त्यांच्या मते लोकसंख्येचा दाब वाढला की माणूस त्याच जमिनीतून अधिक पीक काढण्याच्या पद्धती शोधतो. पडीक ठेवण्याचा काळ कमी होतो. खत, सिंचन व श्रम यांचा वापर वाढतो. १९७२ मध्ये 'क्लब ऑफ रोम' या गटासाठी तयार झालेल्या 'लिमिट्स टू ग्रोथ' या अहवालाने पृथ्वीवरील साधने मर्यादित असल्याचा मुद्दा पुन्हा पुढे आणला. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये आणखी एक वेगळी बाजू दाखवून दिली. दुष्काळात माणसे उपाशी राहतात ती अन्न नसते म्हणूनच असे नाही. अन्न मिळवण्याचा हक्क आणि ऐपत नाहीशी झाल्यामुळेही ती उपाशी राहतात.

या मतांपैकी कोणतेही एक हिंगोली जिल्ह्याला संपूर्णपणे लागू पडत नाही. अन्नाच्या बाबतीत बोसरप यांचे, दुष्काळातील उपासमारीच्या बाबतीत सेन यांचे आणि भूजलाच्या बाबतीत मर्यादावाद्यांचे म्हणणे येथील अनुभवाशी अधिक जुळते.

लोकसंख्येचा इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी दुष्काळ, प्लेग, कॉलरा व देवी यांमुळे महाराष्ट्राची लोकसंख्या अतिशय मंद गतीने वाढत होती. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीने मोठी मनुष्यहानी झाली. १९११ ते १९२१ या दशकात सध्याच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रातील लोकसंख्या २.९१ टक्क्यांनी घटली. १९२१ नंतर मात्र ती सातत्याने वाढत गेली. म्हणून हे वर्ष लोकसंख्येच्या इतिहासात विभाजक वर्ष मानले जाते.

महाराष्ट्राची लोकसंख्या १९०१ मध्ये १.९४ कोटी व १९५१ मध्ये ३.२० कोटी होती. २०११ मध्ये ती ११.२४ कोटी झाली. पहिल्या ५० वर्षांत ती सुमारे पावणेदोन पटीपर्यंतही पोहोचली नाही. पुढील ६० वर्षांत मात्र साडेतीन पट झाली. या वाढीचे मुख्य कारण जन्मदरातील वाढ हे नसून मृत्युदरातील घट हे होते. लसीकरण, देवीचे निर्मूलन, हिवतापावरील नियंत्रण, दुष्काळातील मदतकार्ये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांमुळे बालमृत्यू कमी झाले. पूर्वी पाच मुले जन्मली तरी सगळी हाताशी येतीलच अशी खात्री नव्हती. मुले जगू लागली, तरी कुटुंबातील मुलांची संख्या कमी होण्यास पुढे एक-दोन पिढ्यांचा अवधी लागला.

राज्याचा दशवार्षिक वाढीचा दर १९६१–७१ मध्ये २७.४५ टक्के होता. तो १९९१–२००१ मध्ये २२.७३ टक्के व २००१–२०११ मध्ये १५.९९ टक्के इतका खाली आला. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ९,८७,१६० आणि २०११ मध्ये ११,७७,३४५ होती. म्हणजे जिल्ह्याचा दशवार्षिक वाढीचा दर १९.२७ टक्के, राज्याच्या सरासरीहून अधिक होता. हाच दर कायम राहिला असता तर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३९ वर्षांत दुप्पट झाली असती. परंतु जननदर घटत असल्याने असे सरळ गणित प्रत्यक्षात उतरत नाही. २०२१ ची नियोजित जनगणना वेळेवर न झाल्याने नियोजनासाठी दीर्घकाळ २०११ च्याच आकड्यांचा आधार घ्यावा लागला.

२०११ मध्ये जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला २४४ होती. त्याच वेळी राज्याची सरासरी घनता ३६५ आणि कोल्हापूर जिल्ह्याची ५०४ होती. कोल्हापुरात दर चौरस किलोमीटरला हिंगोलीच्या दुपटीहून अधिक माणसे राहतात. तरीही पाऊस, बारमाही नद्या, सिंचन व सहकारी उद्योग यांमुळे तेथील शेती अधिक माणसांना सामावून घेऊ शकली. घनता हे साधनसंपत्तीवरील दाबाचे एकमेव माप ठरत नाही, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

जमीन

लोकसंख्यावाढीचा सर्वांत थेट परिणाम जमिनीच्या वाटणीत दिसतो. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात १९७०–७१ मध्ये सुमारे ४९.५ लाख वहितीदार होते व सरासरी धारण क्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर होते. २०१५–१६ मध्ये वहितीदारांची संख्या सुमारे १.५३ कोटी झाली आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर उरले. या काळात एकूण वहितीखालील जमीन फारशी बदलली नाही. तीच जमीन तिपटीहून अधिक हातांत विभागली गेली.

१९७१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या सव्वादोन पटीच्या आसपास वाढली, वहितीदारांची संख्या मात्र तिपटीच्या पुढे गेली. म्हणजे जमिनीचे तुकडे माणसांच्या संख्येहूनही वेगाने पडले. एकत्र कुटुंबांचे विभाजन, वारसाहक्काने होणारी समान वाटणी, सातबारा उताऱ्यावर स्वतंत्र नाव असल्याखेरीज पीककर्ज व अनुदान मिळण्यात येणारी अडचण आणि शेतीबाहेर पुरेसा रोजगार नसणे ही त्याची कारणे होत. शहरात कारखाना किंवा नोकरी उपलब्ध असेल तर चार भावांपैकी दोघे जमीन सोडतात. तशी सोय नसेल तर चौघेही त्याच बांधांमध्ये राहतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास बंदी घातली. परंतु घरगुती वाटण्यांना ती पूर्णपणे रोखू शकली नाही.

लहान तुकड्यावर विहीर खोदणे, ट्रॅक्टर बाळगणे किंवा दोन पिकांत फेरपालट करणे परवडत नाही. एका शेतात चार भावांनी चार कूपनलिका घेतल्या, तर खर्च चौपट होतो, पाणी मात्र तेवढेच राहते. अशा रीतीने जमिनीच्या विभाजनाचा भार भूजलावरही पडतो.

गायरान व अन्य सामाईक जमिनी हा या प्रश्नाचा दुसरा पैलू आहे. वाढत्या लोकसंख्येबरोबर चराऊ कुरणांवर वस्ती व शेती होऊ लागली. त्याच वेळी भूमिहीन कुटुंबांसाठी, विशेषतः दलित समाजासाठी, गायरान हाच जमीन मिळवण्याचा एकमेव मार्ग होता. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४–६५ मधील भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी हा प्रश्न राज्यापुढे आणला. जमीन अपुरी आहे हे जितके खरे, तितकेच ती सर्वांना सारखी मिळालेली नाही हेही खरे, ही या आंदोलनांमागील भूमिका होती.

पाणी

पूर्णा ही जिल्ह्याची प्रमुख नदी गोदावरीची उपनदी आहे. तिच्यावर परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरी आणि तिच्या खालच्या बाजूस औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर ही धरणे पूर्णा प्रकल्पांतर्गत बांधण्यात आली. १९६८ मध्ये ती पूर्ण झाली. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८०९ दशलक्ष घनमीटर आहे. या दोन्ही धरणांच्या पाण्यावर परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेती आणि अनेक गावांचा व शहरांचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा अवलंबून आहे. पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प उभा राहिल्यानंतर, वरचे धरण भरल्याखेरीज येलदरीत पुरेसे पाणी येत नाही अशी स्थिती कमी पावसाच्या वर्षांत उद्भवते. जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगेवर इसापूर धरण आहे.

ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे. या प्रमाणाने २०११ च्या लोकसंख्येनुसार संपूर्ण हिंगोली जिल्ह्याला वर्षाला सुमारे २३.६ दशलक्ष घनमीटर पाणी लागते. हे पाणी एकट्या येलदरीच्या उपयुक्त साठ्याच्या तीन टक्क्यांहूनही कमी आहे. दुसरीकडे, पाटाने पाणी दिल्यास एक हेक्टर उसाला साधारणपणे २०,००० ते २५,००० घनमीटर पाणी लागते. त्यामुळे जिल्ह्यातील सर्व माणसांच्या वर्षभराच्या घरगुती वापराएवढे पाणी सुमारे ९५० ते १,२०० हेक्टर उसाला पुरते. वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना असल्याने लाभक्षेत्रात उसाला हमखास मागणी असते. खात्रीचा खरेदीदार असलेले पीक शेतकरी सोडत नाही, हे त्यामागील साधे अर्थशास्त्र होय.

या हिशेबाचा अर्थ लोकसंख्यावाढीचा पाण्याशी संबंध नाही असा होत नाही. माणसे वाढली की अन्न, चारा, वस्त्र व रोजगार यांची गरज वाढते आणि त्यासाठी लागणारे पाणी पिण्याच्या पाण्याच्या कितीतरी पट असते. परंतु उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या गावाची तहान ही प्रामुख्याने पाण्याच्या वाटपाची, साठवणीची आणि ते गावापर्यंत पोहोचवण्याची समस्या असते. धरणाच्या लाभक्षेत्रातील गाव आणि डोंगराळ माथ्यावरील गाव यांच्या वाट्याला एकाच तालुक्यात अगदी वेगळे पाणी येते.

राष्ट्रीय पातळीवर भारतातील दरडोई वार्षिक पाण्याची उपलब्धता १९५१ मध्ये ५,१७७ घनमीटर होती. २०११ मध्ये ती १,५४५ घनमीटर झाली. स्वीडिश जलतज्ज्ञ मालिन फाल्केनमार्क यांच्या निर्देशांकानुसार १,७०० घनमीटरखालील उपलब्धता हा जलताण आणि १,००० घनमीटरखालील उपलब्धता ही जलटंचाई समजली जाते. नद्यांतून वाहणारे पाणी तेवढेच राहिले, त्याला भागणारी संख्या वाढली, हे या घसरणीचे कारण होय.

अन्न व पीकरचना

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या स्मृतीत आजही आहे. त्या काळी परदेशातून आणलेली 'मिलो' नावाची लाल ज्वारी आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी यांवर अनेक कुटुंबे जगली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. तलाव, नालाबांध, रस्ते व खडी फोडणे अशी ही कामे होती. मजुरीमुळे धान्य विकत घेण्याची ऐपत टिकली आणि उत्पादनात मोठी घट होऊनही व्यापक भूकबळी टळले. या अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झाली. २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा हा तिचाच पुढचा विस्तार मानला जातो.

धान्याच्या बाबतीत माल्थस यांचे भाकीत भारतात खरे ठरले नाही. १९५०–५१ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ५.०८ कोटी टन होते, ते २०१०–११ मध्ये सुमारे २४.४५ कोटी टन झाले. लोकसंख्या या काळात सुमारे ३.३५ पट, तर धान्य ४.८ पट वाढले. संकरित ज्वारीचे सीएसएच–१ हे वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. सुधारित बियाणे, रासायनिक खते व सिंचन यांनी त्याच जमिनीतून अधिक पीक मिळू लागले.

पुढील काळात जिल्ह्याची पीकरचना बदलली. घरी खाण्यासाठी पिकणाऱ्या ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली. ज्वारी घटल्याने माणसाच्या भाकरीबरोबर जनावरांचा कडबाही घटला. कुटुंबाचे पोट आता शेतातील कणग्यांपेक्षा बाजारभाव आणि रेशन दुकान यांवर अवलंबून आहे. हळद हे जिल्ह्याचे महत्त्वाचे नगदी पीक असून 'वसमत हळद' हिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र हळद आठ-नऊ महिने शेतात राहते आणि तिला दीर्घकाळ पाणी द्यावे लागते. त्यामुळे लहान क्षेत्रातून अधिक उत्पन्न मिळवण्याची गरज आणि पाण्याची बचत या दोन गोष्टींचा मेळ घालणे हा शेतकऱ्यापुढील खरा पेच आहे.

स्थलांतर

साधने अपुरी पडली की माणसे ती असलेल्या ठिकाणी जातात. जिल्ह्यातील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे, तर काही बांधकाम व अन्य कामांसाठी पुणे, मुंबई, नांदेड या शहरांकडे जातात. स्थलांतरामुळे गावातील जमिनीवरचा भार हलका होतो आणि पैसा घरी येतो; परंतु मुलांची शाळा तुटते व घरी वृद्धांवर भार पडतो. शाळा सुटलेल्या मुलींचे लवकर लग्न लावून दिले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाले होते. लवकर लग्न म्हणजे लवकर मातृत्व आणि दोन पिढ्यांमधील कमी अंतर. अशा प्रकारे साधनांची टंचाई हे लोकसंख्यावाढीचे कारणही ठरते.

कुटुंबनियोजन

महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार फार लवकर मांडला गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. १९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम स्वीकारला. आणीबाणीच्या काळात १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. मात्र त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या काळातील सक्तीमुळे कार्यक्रमाविषयी लोकांच्या मनात दीर्घकाळ संशय राहिला.

महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२–९३ मध्ये २.८६ होता, २००५–०६ मध्ये तो २.११ आणि २०१९–२१ मध्ये १.७ झाला. लोकसंख्या स्थिर ठेवण्यासाठी आवश्यक मानला जाणारा दर २.१ आहे. तरीही लोकसंख्या काही दशके वाढत राहते, कारण पूर्वी जन्मलेली मोठी पिढी आता प्रजननक्षम वयात असते. जननदरातील घट प्रामुख्याने मुलींचे शिक्षण, बालमृत्यूंतील घट आणि आरोग्यसेवा यांमुळे झाली. हिंगोली जिल्ह्यातील साक्षरता २०११ मध्ये ७८.१७ टक्के होती.

लहान कुटुंबाबरोबर मुलग्याचा आग्रह टिकून राहिल्याचे दुष्परिणामही दिसले. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती. २०११ मध्ये ती ८९४ झाली. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी लागू असलेल्या दोन अपत्यांच्या अटीवरही यामुळे आक्षेप घेतले गेले. अशा अटींचा भार स्त्रियांवर पडतो, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. छोट्या कुटुंबाचा आदर्श लोकप्रतिनिधींनी घालून द्यावा, अशी समर्थकांची भूमिका आहे.

व्यवस्थापनाचे प्रयत्न

२००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद केली. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण व बंधाऱ्यांची कामे झाली. ही कामे पाणी अडवण्यावर भर देतात. अडवलेले पाणी कोणी व किती वापरायचे हा प्रश्न मात्र गावापुढे राहतोच. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली. मराठवाड्यात जालना जिल्ह्यातील कडवंची येथे १९९० च्या दशकातील पाणलोट विकासानंतर शेततळी व द्राक्षबागा उभ्या राहिल्या. सामाईक साधनांचा नाश अटळ असतो हे गॅरेट हार्डिन यांचे १९६८ मधील मत होते. वापरणाऱ्यांनीच नियम ठरवले व पाळले तर ती साधने टिकतात, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. या गावांचा अनुभव ऑस्ट्रॉम यांच्या मताला पुष्टी देतो.

ठिबक व तुषार सिंचन, आंतरपिके, हळदीसारख्या मालावर जवळा बाजार, वसमत यांसारख्या बाजारगावांतच प्रक्रिया, आणि शेतीबाहेरील रोजगार हे जिल्ह्यासाठी सुचवले जाणारे अन्य उपाय होत. जननदर खाली आल्याने पुढील काही दशकांत जिल्ह्यातील माणसांची संख्या स्थिरावण्याची शक्यता आहे. खोल गेलेले भूजल आणि एकदा तुकडे पडलेली जमीन मात्र लोकसंख्या स्थिरावल्याने आपोआप पूर्ववत होत नाहीत.